विडंबन करताय? झकर-अब्राहम्स-झकर यांचे सिनेमे बघा आणि या चुका टाळा

विडंबनात सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे विनोदी नट घ्यायचा आणि त्याला "जरा मजा आण" म्हणून सांगायचं. मग तो डोळे मिचकावतो, तोंड वेडंवाकडं करतो आणि हसू तिथंच मरतं. जिम अब्राहम्स आणि डेव्हिड व जेरी हे झकर बंधू, अमेरिकेतल्या मिलवॉकी भागातली ही तीन पोरं. त्यांनी 'एअरप्लेन!' (१९८०) हे विमान संकटात सापडण्याच्या सिनेमांचं विडंबन करताना नेमकं उलटं केलं. लेस्ली नील्सन, रॉबर्ट स्टॅक, लॉइड ब्रिजेस, पीटर ग्रेव्हज हे सगळे तेव्हा गंभीर भूमिकांसाठी ओळखले जाणारे नट. नील्सन आज विनोदवीर म्हणून आठवतो, तो या सिनेमानंतर! एल्मर बर्नस्टीन यांचं संगीतही खऱ्या संकटपटाला शोभेल असंच आहे. तुमचा प्रसंग पडत असेल तर आधी नटांना सांगा की हा विनोद आहे हे विसरा.

दुसरी चूक गोष्टीची. "पोलीसपटांची टर उडवू" एवढ्यावर संहिता उभी राहत नाही. या तिघांनी 'एअरप्लेन!'साठी 'झीरो अवर!' (१९५७) या जुन्या सिनेमाचे हक्क विकत घेतले आणि त्याचा सांगाडा, कितीतरी संवादांसकट, तसाच ठेवला. जेवणातून विषबाधा, वैमानिक आडवे, सगळी मदार एका माजी लढाऊ वैमानिकावर. त्यामुळे हसता हसता विमान उतरेल ना, ही धाकधूकही राहते. त्यांचाच 'टॉप सीक्रेट!' (१९८४) माझा फार आवडता. त्यातला पुस्तकांच्या दुकानातला, उलटा चित्रित केलेला प्रसंग तर अफाट आहे. पण अमेरिकन गायक-नट एल्व्हिस प्रेस्लीच्या छापाचा गाणीपट आणि महायुद्धपट यांची मोट बांधताना गोष्ट ढिली पडली. म्हणून आधी एकच सिनेमा निवडा, त्याचे प्रसंग क्रमाने कागदावर उतरवा, मग विनोद पेरा.

एकाच चौकटीत दोन विनोद भांडू देऊ नका. मागे गंमत चालू असेल तर पुढचं बोलणं सरळ हवं. विनोद समजावूनही सांगू नका: 'एअरप्लेन!'मधल्या जेट विमानाला पंख्याच्या विमानाचा आवाज आहे, आणि अख्ख्या सिनेमात त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही.

चालू जाहिरातींवरचे विनोद लवकर शिळे होतात. त्यांच्याकडचे कॉफीच्या जाहिरातीवरचे टोमणे आज आपल्याला कळत नाहीत. असे मोजकेच ठेवा.

राहिला पडद्याचा आकार. त्यांची 'पोलीस स्क्वॉड!' ही मालिका १९८२ मध्ये एबीसी वाहिनीने सहा भागांत गुंडाळली. तिच्यात मागून ऐकू येणारं रेकॉर्ड केलेलं हसू नव्हतं आणि गमती मागच्या कोपऱ्यात घडत. नजर हटली की विनोद गेला. तिच्यातला नील्सनने रंगवलेला पोलीस फ्रँक ड्रेबिन १९८८ मध्ये 'द नेकेड गन'मधून मोठ्या पडद्यावर आला आणि गाजला. तुमचं काम मोबाइलवर बघितलं जाणार असेल तर संकलन झाल्यावर ते मोबाइलवरच तपासा, आणि मागची गंमत दिसत नसेल तर तो शॉट जवळून पुन्हा घ्या.