गाडी चालवायलास का शिलाई मशीन? मॅन्युअल फोर बाय फोरच्या या चुका टाळा

पुण्यात सहा वर्षं ऑटोमॅटिक चालवली. एवढ्या काळात डावा पाय सगळं विसरून जातो. मग गावाकडं, पाटोदा तालुक्यात परत आलो आणि मॅन्युअल गिअरची डिझेल फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणारी गाडी घेतली. पहिल्याच पावसाळ्यात शेताच्या पांदणीत क्लच जाळला. प्लेट वाचली, पण वास दोन दिवस सीटच्या कापडातून गेला नाही. मामा शेजारी बसले होते. त्यांची अर्धी हयात वडाप जीप आणि ट्रॅक्टरवर गेलेली. त्यांनी काच खाली केली आणि म्हणाले, "पाय काढ की क्लचवरचा. गाडी चालवायलास का शिलाई मशीन?"

त्यानंतर वर्षभरात ज्या चुका केल्या आणि ज्या दुसऱ्यांना करताना पाहिल्या, त्या इथं लिहितो. त्यातली सगळ्यात महाग आधी.

हाफ क्लच लागतोय म्हणजे गिअर चुकलाय

आपल्या काळ्या मातीचा चिखल ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको. पाणी पिऊन ती फुगते, टायरच्या खाचा भरून टाकते, आणि खाचा भरल्या की नवाकोरा टायरसुद्धा गुळगुळीत चाक होतो. त्या दिवशी मी टू-एचमध्ये (नुसती मागची दोन चाकं ओढतात ती स्थिती), पहिल्या गिअरवर होतो. गाडी रुतायला लागली तसा घाबरून क्लच अर्धा दाबला आणि रेस वाढवली. इंजिन ओरडतंय, चाक जागेवर. ती सगळी ताकद क्लच प्लेट आणि फ्लायव्हीलच्या (इंजिनला जोडलेल्या जड चाकाच्या) मधे घासून उष्णता होत होती. अर्धा मिनिट असं केलं की वास येतोच.

आपल्याला हाफ क्लच का हवा असतो? गाडी हळू न्यायची असते आणि पहिला गिअरही त्या जागेला जास्त वेगाचा पडतो म्हणून. रस्त्यावरच्या साध्या कारला दुसरा इलाज नसतो. पण तुम्ही ज्या गाडीसाठी जादा पैसे मोजलेत तिच्यात त्याचा इलाज दिलेला आहे, फोर-एल, म्हणजे चारही चाकं आणि मंद गती. ट्रान्सफर केसमधली (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या डब्यातली) ही जास्तीची गिअरजोडी गाडीगणिक वेग साधारण दोन ते अडीच पट कमी करते आणि चाकावरची ओढ तेवढीच वाढवते. फोर-एलमध्ये पहिला टाकून क्लच पूर्ण सोडून द्या, रेसलाही हात लावू नका. आजच्या डिझेल गाड्यांचा कॉम्प्युटर आयडलिंगवरच, म्हणजे रेस न देताच गाडी तोलतो, इंजिन पडायला लागलं की आपणहून थोडं डिझेल वाढवतो. माणूस चालावा तशी गाडी चालते. मला हे पटायला वेळ लागला. दोन्ही पाय मोकळे ठेवून चिखलात बसणं म्हणजे हात सोडून सायकल चालवल्यासारखं वाटतं.

चिखलात फोर-एलचा पहिला मात्र बऱ्याचदा फार ताकदीचा पडतो, चाक जागेवर भिरभिरतं. तिथं फोर-एलचा दुसरा लावा. दगडगोट्यांवर आणि खड्या उतारावर पहिला. आणि चिखलाच्या मधोमध गिअर बदलू नका. क्लच दाबून गिअर टाकेपर्यंतच्या त्या एका सेकंदात गाडीची गती मरते आणि मग ती तिथंच बसते. पांदणीच्या तोंडाशी थांबा, उतरून बघा, गिअर ठरवा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. मामा ट्रॅक्टर असाच चालवतात. नांगरताना तासाच्या, म्हणजे नांगराच्या ओळीच्या मधे गिअर बदललेला मी त्यांना कधी बघितलेला नाही.

लिव्हर टाकण्याचं शास्त्र

फोर-एल टाकताना गाडी थांबवा, मुख्य गिअर न्यूट्रलला घ्या, क्लच दाबा आणि मग ट्रान्सफर केसचा दांडा ओढा. काही गाड्यांत दांड्याऐवजी गोल स्विच असतो, क्रम तोच. बसत नसेल तर जोर लावू नका. दात समोरासमोर आलेले असतात. गाडी हातभर पुढंमागं करून पुन्हा टाका.

चिखलातून डांबरीवर आलात की टू-एच. थार, जिमनी, गुरखा या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे वेगातला फरक सोसणारा सेंटर डिफरन्शियल नसतो. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी. चिखलात चाक थोडं घसरून तो फरक मिटवतं. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही, मग सगळा पीळ शाफ्टमध्ये आणि गिअरमध्ये साठतो. वळताना गाडी अडखळते, स्टिअरिंग जड होतं आणि दांडा फोर-एचमध्येच (चारही चाकं, नेहमीची गती) अडकून बसतो. दांडा अडकला तर हातोडा शोधू नका, सरळ रेषेत चार-पाच मीटर रिव्हर्स घ्या. पीळ उकलतो आणि दांडा बोटानं निघतो.

चढावर बंद पडली तर

इथं मामांचा आणि माझा वाद झाला. जुन्या जीपवाल्यांची युक्ती अशी: चढावर गाडी बंद पडली की क्लचला हातच लावायचा नाही, गिअरमध्येच चावी मारायची, स्टार्टरच्या झटक्यानं गाडी पुढं सरकते आणि इंजिन पेटतं. जुन्या गाडीत हे चालायचं. आता बहुतेक गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय स्टार्टर फिरतच नाही, पेडलमागं स्विच असतो. मामांनी तीनदा चावी मारली, चौथ्यांदा गाडीलाच शिव्या घातल्या.

आता करायचं ते असं. आधी फूटब्रेक, मग हँडब्रेक. क्लच दाबून गाडी चालू करा. चढ खडा आणि निसरडा असेल तर पुन्हा वर रेटायच्या भानगडीत पडू नका. रिव्हर्स टाका, क्लच हळूहळू पूर्ण सोडा आणि इंजिनच्या अडवणुकीवर सरळ मागं उतरा. क्लच दाबून नुसत्या ब्रेकवर मागं घरंगळणं ही सगळ्यात वाईट गोष्ट. चाकं लॉक झाली की स्टिअरिंग ऐकत नाही आणि गाडी आडवी होते. आडवी झालेली उंच गाडी उलटते.

साध्या घाटात हिल होल्ड (ब्रेकवरचा पाय काढल्यावर गाडी मागं घरंगळू न देणारी सोय) मदतीला येतो, पण तो गाडी दोन-तीन सेकंदच धरतो. दिवाळीनंतर मांजरसुंब्याच्या घाटात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या पुढं असतात. तेव्हा दर दहा फुटांवर हाफ क्लचवर गाडी तोलत बसू नका. हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा, पाय खाली घ्या. ट्रॉली चांगली पन्नास फूट पुढं जाऊ द्या, मग एकदाच निघा. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू द्या, क्लच प्लेटचे पैसे तो देणार नाही.

उतरताना न्यूट्रल

कन्नडचा घाट न्यूट्रलवर उतरून डिझेल वाचवलं असं अभिमानानं सांगणारे अजून भेटतात. आजच्या इंजिनात हिशेब उलटा आहे. गाडी गिअरमध्ये असताना रेस सोडली की कॉम्प्युटर इंधन जवळपास तोडतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जाळावंच लागतं. वर सगळा भार ब्रेकवर. दोन टनाच्या आसपासची गाडी उतारावर नुसत्या ब्रेकवर धरली की ब्रेक तापून ढिले पडतात. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

डिझेलची सवय पेट्रोलला लावू नका

थारच्या २.२ लिटर डिझेलचा ३०० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याची ताकद) १६०० आरपीएमपासूनच (इंजिनचे मिनिटाचे फेरे) हाताशी असतो. जिमनीच्या १.५ लिटर पेट्रोलचा टॉर्क १३४ न्यूटन मीटर आणि तोही ४००० आरपीएमला. एका गाडीवरून दुसरीवर गेलेला माणूस म्हणतो, "ही ओढतच नाही." ओढते, पण तिला फिरवावं लागतं, आणि एक गिअर खाली ठेवावं लागतं. उलट डिझेलला हजाराच्या खाली चौथ्यात रेटलं की गाडी गदगद हलते. टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) जागा झालेला नसतो आणि ते धक्के फ्लायव्हील खातं. डॅशबोर्डवरचा वरचा गिअर टाका म्हणणारा बाण ॲव्हरेजसाठी आहे. मागं चार पोती खत असताना त्याचं ऐकू नका.

गिअर खरखरतोय? आधी खाली वाका

नवीन गाडीचा रिव्हर्स दर दोन दिवसांनी खर्र करायचा, कधी पहिलाही बसायचा नाही. गिअरबॉक्स गेला या भीतीनं गाडी मेकॅनिककडं नेली. त्यानं बॉनेटही उघडलं नाही. दार उघडून खाली वाकला आणि क्लच पेडलमागून मॅटचा दुमडलेला कोपरा ओढून काढला. चिखलासाठी म्हणून मीच कंपनीच्या मॅटवर दुसरं जाड रबरी मॅट टाकलं होतं. पेडल दोन बोटं वरच अडत होतं, क्लच पूर्ण दबतच नव्हता. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र माझ्याकडून.

मॅट ठीक असेल तर सीट बघा. पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. उंच गाडीत रुबाबात मागं रेलून बसणाऱ्यांचा क्लच हमखास अर्धवट दबतो. पेडल मऊ किंवा खोल गेलं असेल तर क्लच ऑइलची पातळी बघा. हे सगळं ठीक असूनही रिव्हर्स खरखरत असेल तर क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबा, किंवा आधी पहिला टाकून मग रिव्हर्स टाका. परभणीकडच्या मित्राचा दुसरा गिअर डिसेंबरच्या सकाळी दगडासारखा व्हायचा. तिकडं पारा एक आकडी येतो, गिअर ऑइल घट्ट होतं. पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवा, इतकंच. दांडा आयडलिंगला थरथरतो हीसुद्धा या गाड्यांत तक्रार नाही. पण हात त्याच्यावर ठेवून चालवू नका, आतला गिअर सरकवणारा फोर्क विनाकारण झिजतो.

ओढ्यात शिरल्यावर क्लच दाबू नका. पाणी प्लेटपर्यंत गेलं तर ती घसरते. थारची पाण्यातली मर्यादा ६५० मिलिमीटर आहे, म्हणजे जेमतेम मांडीपर्यंत, आणि तीही संथ पाण्याची. पुलावरून पाणी वाहत असेल तर कुठलाच गिअर कामाचा नाही, मागं फिरा.

शेवटी प्लेटची परीक्षा. मोकळ्या सपाट जागेत हँडब्रेक घट्ट ओढा, तिसरा गिअर टाका, किंचित रेस देऊन क्लच सोडा. गाडी लगेच बंद पडली तर प्लेट धड आहे. इंजिन आरामात फिरत राहिलं तर घसरायला लागलीय. एकदाच करा, पुन्हा पुन्हा करून तापवू नका. पांदणीतल्या त्या प्रकारानंतर मी घरासमोर करून बघितलं. गाडी जागच्या जागी बंद पडली. मामा तरीही पुढं वाकून बॉनेटचा वास घेऊन आले.