एअरसॉफ्ट पिस्तुलांची प्रॅक्टिकल शूटिंग स्पर्धा कशी भरवावी

प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये नेमबाज एका जागी उभा राहून एकाच चकतीवर नेम धरत नाही. त्याला धावावे लागते, आडोशामागून डोकावून लक्ष्य शोधावे लागते, चालता चालता मॅगझिन बदलावे लागते आणि हे सारे घड्याळाच्या काट्यावर करावे लागते. या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना आयपीएससी (इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन) १९७६ साली अमेरिकेतील मिसूरी राज्यातल्या कोलंबिया येथे स्थापन झाली. एअरसॉफ्टसाठी, म्हणजे हवेच्या किंवा गॅसच्या दाबाने गोळ्या झाडणाऱ्या खऱ्यासारख्या दिसणाऱ्या नकली पिस्तुलांसाठी, तिचा ‘अ‍ॅक्शन एअर’ हा स्वतंत्र विभाग आहे. त्यात ६ मिमी व्यासाच्या प्लॅस्टिकच्या गोळ्या, म्हणजे बीबी, वापरतात. स्पर्धा भरवताना स्वतःचे नियम बनवत बसण्यापेक्षा या विभागाची नियमावली समोर ठेवावी, कारण वादाच्या वेळी ‘आम्ही असे ठरवले होते’ या उत्तराने कोणाचेच समाधान होत नाही.

जागा ठरवण्याआधी स्थानिक कायदा तपासावा. स्पर्धकांनी पिस्तूल बंद पिशवीतून आणावे, हेही आमंत्रणातच लिहावे, कारण लांबून पाहणाऱ्याला ते खरेच वाटते. जागा बंदिस्त सभागृहाची असेल तर उत्तम. वाऱ्याने हलक्या बीबीची दिशा बदलते आणि थंडीत गॅसचा दाब घटतो. मात्र गुळगुळीत फरशीवर सांडलेल्या बीबींवरून धावणारा माणूस हमखास घसरतो, म्हणून दर तुकडीनंतर झाडू मारण्याचे काम एखाद्याला नेमून द्यावे. हे काम किरकोळ वाटते, पण स्पर्धेतली पहिली दुखापत बहुधा इथेच होते.

सुरक्षेच्या बाबतीत सवलत नसावी. आवारात पाऊल टाकल्यापासून स्पर्धक, पंच आणि प्रेक्षक अशा सर्वांच्या डोळ्यांवर आघात सोसणारा चष्मा हवा. पिस्तूल हाताळण्यासाठी ‘सेफ्टी एरिया’ आखावा आणि तिथे बीबींना हात लावण्यास पूर्ण बंदी असावी. नळीचे तोंड ठरलेल्या सुरक्षित कोनाबाहेर गेले, पिस्तूल हातून पडले किंवा अनवधानाने गोळी सुटली, तर स्पर्धक बाद. एअरसॉफ्टच आहे, जाऊ द्या, असे एकदा म्हटले की पुढच्या प्रत्येकाला तेच म्हणावे लागते. शक्तीची मर्यादा ठरवून क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, प्रत्येक पिस्तुलाचा वेग मोजावा, ०.२० ग्रॅमची बीबी सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटली तर तिची ऊर्जा १ ज्यूल होते. मोजताना बीबीचे वजन एकच ठेवावे, नाहीतर आकड्यांची तुलनाच होत नाही.

स्पर्धेचा खरा कस स्टेजच्या, म्हणजे लक्ष्ये आणि आडोसे मांडलेल्या एकेका फेरीच्या, आखणीत लागतो. नवख्या आयोजकाने दहा स्टेज मांडण्याचा मोह टाळून चार-पाच नीट बांधाव्यात. नियमावली स्टेजचे लहान, मध्यम आणि लांब असे प्रकार करते व त्यांचे ३:२:१ हे प्रमाण सुचवते. लक्ष्ये कुठून मारायची हे शक्यतो स्पर्धकावर सोडावे. आडोसे आणि सीमापट्ट्या अशा लावाव्यात की त्याला निवड करता येईल, पण एकाच जागेवरून सगळे उरकता येणार नाही. सीमापट्टी जमिनीपासून थोडी उचललेली असावी, म्हणजे पाय बाहेर गेल्याचे स्पर्धकाला पायालाच कळते. ‘नो-शूट’ लक्ष्ये, म्हणजे ज्यांना गोळी लागता कामा नये अशी लक्ष्ये, जपून वापरावीत. आखणी झाल्यावर वेगवेगळ्या उंचीच्या दोन माणसांना स्टेजवर फिरवावे. उंच माणसाला आडोशावरून जे लक्ष्य दिसते, ते बुटक्याला दिसत नसेल तर ती स्टेज अन्यायाची ठरते.

कागदी लक्ष्यांमागे कडक भिंत असेल तर बीबी उसळून परत येते आणि त्याच कागदाला मागून भोक पाडते. मग मागे गेलेली एक बीबी दोन भोके दाखवते आणि पंच गोंधळतो. उपाय सोपा आहे: लक्ष्यामागे थोड्या अंतरावर जाड कापड सैल सोडावे, ताणून बांधले तर ते भिंतीसारखेच वागते. तरीही शंका आली तर भोकाच्या कडा कोणत्या बाजूला वळल्या आहेत ते पाहावे. मोजणीनंतर प्रत्येक भोकावर चिकटपट्टी लावल्याखेरीज पुढच्या स्पर्धकाला बोलावू नये.

शॉट टायमरकडे, म्हणजे बीप देऊन गोळीच्या आवाजावरून वेळ नोंदणाऱ्या यंत्राकडे, विशेष लक्ष हवे, कारण एअरसॉफ्टचा आवाज लहान असतो. संवेदनशीलता कमी ठेवली तर शेवटची गोळी नोंदलीच जात नाही. फार वाढवली तर लोखंडी प्लेटवर बीबी आदळल्याचा टणत्कारही गोळी म्हणून नोंदला जातो आणि स्पर्धकाच्या वेळेत भर पडते. म्हणून प्रत्येक स्टेजवर दोन-चार गोळ्या झाडून टायमर जुळवावा आणि रेंज ऑफिसरने, म्हणजे स्पर्धकासोबत राहून आज्ञा देणाऱ्या पंचाने, तो पिस्तुलाच्या जवळ धरावा. आज्ञा ठरलेल्या शब्दांतच द्याव्यात: ‘लोड अँड मेक रेडी’, ‘आर यू रेडी’, ‘स्टँडबाय’, आणि त्यानंतर १ ते ४ सेकंदांत बीप. हे अंतर दर वेळी वेगळे असावे, नाहीतर चलाख स्पर्धक बीपचा अंदाज बांधून आधीच हलतो.

गुण मोजणी प्रथम पंचांना समजली पाहिजे. अ‍ॅक्शन एअरमध्ये कागदी लक्ष्याच्या मधल्या ए भागाला ५, त्याबाहेरच्या सी भागाला ३ आणि कडेच्या डी भागाला १ गुण मिळतो. चुकलेल्या किंवा नो-शूटला लागलेल्या गोळीसाठी १० गुण वजा होतात. उरलेल्या गुणांना वेळेने भागले की हिट फॅक्टर मिळतो. समजा, १२ गोळ्यांच्या, म्हणजे ६० गुणांच्या स्टेजवर एकाने ५६ गुण ८ सेकंदांत मिळवले, तर त्याचा फॅक्टर ७ झाला. दुसऱ्याने ७ ए, ४ सी आणि १ डी मारून ४८ गुण ६.४ सेकंदांत मिळवले, तर त्याचा फॅक्टर ७.५. त्यामुळे दुसऱ्याला पूर्ण ६० आणि पहिल्याला त्या प्रमाणात ५६ स्टेज गुण मिळतात. मात्र दुसऱ्याची ती डी गोळी चुकली असती, तर त्याचे गुण ३७ वर येऊन फॅक्टर सुमारे ५.७८ झाला असता आणि पहिला पुढे गेला असता. हे उदाहरण सुरुवातीच्या सभेत फळ्यावर मांडले, तर अंधाधुंद गोळीबार बराच कमी होतो.

स्पर्धेच्या दिवशी आठ-दहा जणांच्या तुकड्या कराव्यात. प्रत्येक तुकडीला स्टेजची लेखी माहिती वाचून दाखवावी आणि पाहणीसाठी सर्वांना सारखीच मिनिटे द्यावीत. माहितीपत्रकात लक्ष्यांची संख्या, किमान गोळ्या, सुरुवातीची स्थिती आणि पिस्तूल भरलेले की रिकामे हे स्पष्ट लिहावे. पहिल्या तुकडीनंतर त्यात बदल करू नये. प्रत्येक गुणपत्रकावर स्पर्धकाची सही तिथल्या तिथेच घ्यावी. तात्पुरता निकाल लावून हरकतींसाठी ठरावीक वेळ द्यावा, आणि तो संपल्यावरच अंतिम यादी वाचावी.