कलिंगड घेताना आणि कापताना या चुका टाळा

मार्च लागला की आमच्याकडे दर तीन-चार दिवसांनी एक कलिंगड येतं आणि दरवर्षी एकदा तरी कुणीतरी हिरवट बुडाचं, हातात हलकं लागणारं फळ उचलून आणतं आणि वर म्हणतं, "असू दे, दोन दिवस ठेवू, पिकेल." म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते. कलिंगड घरी पिकत नाही. आंबा, केळं, चिकू, पपई झाडावरून काढल्यावरही पिकतात, त्यांची अढी घालता येते, कलिंगडाचं तसं नाहीये. वेलीवरून तोडताना त्यात जेवढी साखर असते तेवढीच शेवटपर्यंत राहते, बाहेर ठेवून आतला रंग जरासा गडद होईल पण गोडी वाढणार नाही. त्यामुळे खरी मेहनत गाडीपाशी उभं राहूनच करायची.

देठ सुकलेला बघून घेणं

ही चूक खूप जण करतात आणि सल्लाही हाच देतात, की देठ वाळलेला असला की फळ पिकलेलं. माझे मामा पेणच्या बाजूला भात निघाल्यावर त्याच जमिनीत कलिंगडं लावायचे, लहानपणी तोडणीच्या वेळी मी त्यांच्या मागे मागे फिरायचे. ते देठाकडे बघायचेच नाहीत, फळाच्या देठाशेजारी वेलीला जी गुंडाळलेली बारीक बाळी असते ती बघायचे. बाळी हिरवी असेल तर फळ तसंच ठेवायचं, बाळी सुकून तपकिरी झाली की मग फळाचं बूड बघायचं, बोटाने वाजवायचं आणि तोडायचं. आता ही बाळी वेलीवर असते, बाजारात फळाला ती क्वचितच चिकटून येते. फळाला राहतो तो देठ, आणि तो तोडताना बहुतेक वेळा हिरवाच असतो, पुढे ट्रकमध्ये आणि दुकानात पडून सुकतो. म्हणजे सुकलेल्या देठावरून फळ तोडून किती दिवस झाले याचा अंदाज येतो, पिकलं होतं की नाही ते कळत नाही. कच्चं तोडलेलं फळ आठवडाभर पडून राहिलं तर त्याचाही देठ सुकतोच की.

हा घोळ बहुतेक खरबुजामुळे झालाय. खरबूज पिकलं की देठापासून आपोआप सुटायला लागतं आणि वासही घमघमतो. कलिंगड देठापासून सुटत नाही आणि बाहेरून वासही देत नाही, त्यामुळे नाकाला लावून काही उपयोग नाही. उलट कलिंगडाला बाहेरून आंबूस वास आलाच तर ते कुठेतरी तडकलंय असं समजून बाजूला ठेवा.

मग बघायचं काय

फळ उलटं करा. जमिनीला टेकलेल्या बाजूला ऊन लागत नाही म्हणून तिथे एक मोठा डाग असतो. तो पांढरा किंवा फिकट हिरवट असेल तर फळ लवकर तोडलंय, आणि लोण्यासारखा पिवळा, थोडा केशरीकडे झुकणारा असेल तर वेलीवर नीट पिकलंय. माझा सगळ्यात जास्त भरवसा याच डागावर आहे. शुगर बेबीसारख्या जातीच्या काळपट हिरव्या फळावर तो पटकन दिसतो, पट्ट्यापट्ट्यांच्या कलिंगडावर थोडा निरखून बघावा लागतो. फक्त ते बाहेरून अख्खंच पिवळं असलेलं कलिंगड हल्ली मिळतं ना, त्याला ही खूण लागू होत नाही, तिथे वजनावरच जायचं.

वजन म्हणजे काट्यावरचं वजन नाही. एकाच आकाराची दोन-तीन फळं हातात घ्या आणि त्यातलं जे जड लागेल ते निवडा. कलिंगडात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं, त्यामुळे आकाराच्या मानाने हलकं लागणारं फळ एकतर आतून सुकत चाललेलं असतं नाहीतर पोकळ असतं. नगावर विकत असतील तर आपला हात सगळ्यात मोठ्या फळाकडे जातो, पण मोठं म्हणजे गोड असं काही नसतं, तीन-चार किलोचं भरीव फळ सात किलोच्या हलक्या फळापेक्षा कधीही चांगलं.

वाजवून बघण्याबद्दल सांगायचं तर ते खरं आहे पण एकच फळ वाजवून काहीच कळत नाही. चार-पाच फळं शेजारी शेजारी वाजवा म्हणजे फरक कानाला कळतो. कच्चं असेल तर टणटण असा धातूच्या भांड्यासारखा आवाज येतो, तयार फळाचा बदबद असा भरीव येतो, आणि अगदीच मेलेला, उशीवर थाप मारल्यासारखा आवाज आला तर ते जास्त पिकून आतून रवाळ झालेलं असण्याची शक्यता जास्त. रस्त्यावर गाड्यांच्या आवाजात हे जमत नसेल तर सोडून द्या, डाग आणि वजन पुरे आहे.

अजून एक, ते नर कलिंगड आणि मादी कलिंगड. गोल असेल तर मादी आणि गोड, लांबट असेल तर नर आणि पाणचट, असले व्हिडिओ फिरत असतात. कलिंगडाच्या एकाच वेलीवर नर फुलं आणि मादी फुलं वेगवेगळी येतात आणि फळ धरतं ते फक्त मादी फुलाला, तेही मधमाश्यांनी पराग आणून टाकला तर. त्यामुळे फळात नर-मादी असा प्रकारच नाही. गोल की लांबट हे मुख्यतः जातीवर असतं, ते गोडीशी जोडू नका. हां, एकाच जातीचं फळ एका बाजूने फुगलेलं आणि दुसऱ्या बाजूने आखडलेलं असेल तर परागीभवन नीट झालेलं नसतं, तसलं घेऊ नका.

तोडणीच्या आधी शेतकरी पाणी कमी करतात म्हणजे फळात गोडी भरते. त्याच दिवसांत अवकाळी पाऊस झाला तर चांगल्या शेतातलं फळही पाणचट लागतं, तेव्हा विकणाऱ्याशी भांडण्यात अर्थ नाही. मोठा पाऊस होऊन गेला की मी आठ-दहा दिवस कलिंगड घेतच नाही.

विकणारे त्रिकोणी तुकडा काढून लाल रंग दाखवतात. तसं करून घ्यायचं असेल तर घरी नेऊन लगेच कापणार असाल तरच घ्या, कारण एकदा चिरलेलं फळ उन्हात आणि गाडीच्या डिकीत पडून लवकर आंबतं. आणि लाल दिसलं म्हणून गोडच असेल असं नाही, हल्लीच्या बऱ्याच जाती गोडी भरायच्या आधीच लाल दिसतात. प्लास्टिक गुंडाळून ठेवलेली अर्धी कलिंगडं आणि बर्फावर मांडलेल्या कापलेल्या फोडी मी तरी घेत नाही, उन्हात किती वेळ आहेत ते आपल्याला माहीत नसतं.

आंब्याशेजारी ठेवू नका

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे एका कोपऱ्यात आंब्याची पेटी आणि तिच्याच शेजारी कलिंगड असं सर्रास असतं. पिकणाऱ्या आंब्यातून आणि केळ्यांमधून इथिलीन नावाचा वायू निघतो, त्याने आंबा पिकतो पण कलिंगड बिघडतं, गर आतून मऊ पडून पाणी सुटायला लागतं. आमच्याकडे एकदा चांगलं वाजवून, डाग बघून आणलेलं फळ आंब्यांच्या खोलीत राहिलं आणि कापल्यावर गर चमच्याने खरवडून काढायची वेळ आली, तेव्हापासून कलिंगड वेगळ्या खोलीत, गार फरशीवर. अख्खं फळ फ्रीजमध्ये दिवसेंदिवस कोंबून ठेवायचीही गरज नाही, फार थंडीतही ते खराब होतं. कापायच्या आधी चार-पाच तास ठेवलं तरी पुरे.

न धुता सुरी लावणं

कलिंगड जमिनीवर वाढतं, मग ट्रकमध्ये गवतावर, मग फुटपाथवर. साल खायची नाही म्हणून आपण धुवत नाही, पण सुरी सालीतूनच गरात जाते आणि बाहेरची घाण सोबत घेऊन जाते. कलिंगडात आंबटपणा जवळजवळ नसतोच, गोड आणि पाणीदार गर म्हणजे जंतूंना आयतं जेवण. वाहत्या पाण्याखाली हाताने किंवा ब्रशने चोळून धुवा, साबण नको, कोरड्या फडक्याने पुसा. पुसायचं विसरू नका, ओलं कलिंगड हातातून सटकतं आणि हात कापले जातात ते बहुतेक असेच.

कापताना लहान सुरी घेऊन करवतीसारखं पुढे-मागे करत बसणं ही अजून एक चूक. लांब पात्याची, धार असलेली सुरी घ्या. विळीची सवय असेल तरी अख्खं कलिंगड विळीवर घेऊ नका, फळ जड असतं आणि गोल असल्याने फिरतं, फोडी झाल्यावर खुशाल घ्या. बोर्डाखाली ओलं फडकं ठेवा आणि बोर्ड परातीत ठेवा म्हणजे रस ओट्यावर पसरत नाही. आधी देठाकडचं आणि खालचं टोक दोन बोटं जाडीचं कापून टाका, मग फळ सपाट बाजूवर उभं राहतं आणि वरून खाली सरळ दोन भाग करता येतात.

सगळ्यांना गाभा मिळाला पाहिजे

कलिंगडाचा मधला गाभा सगळ्यात गोड आणि सालीकडे जावं तशी गोडी कमी होत जाते. आडव्या चकत्या केल्या तर मधल्या चकत्या ज्यांना मिळतात त्यांची चंगळ आणि टोकाच्या मिळतात त्यांना पांढरट भाग. म्हणून पाहुणे असतील तर उभ्या फोडी करा, देठापासून तळापर्यंत, मग प्रत्येक फोडीच्या कडेला गाभा येतो आणि कुणाला कमी-जास्त होत नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, घरात वाढणारी बाई शेवटी टोकं खात बसते हे मी खूप वर्षं बघितलंय.

बिया गरात सगळीकडे विखुरलेल्या नसतात, गाभा आणि साल यांच्या मधे ओळीने असतात. उभ्या फोडीत ती ओळ स्पष्ट दिसते, तिच्यावरून सुरी फिरवली की गाभ्याचा भाग अख्खा सुटून येतो, त्यात बी जवळजवळ नसतं, तो लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना द्या. खालच्या भागातल्या बिया काट्याने खरवडल्या की झालं. चार किलोच्या फळात खायचा गर अडीच किलोच्या आसपास निघतो, सात-आठ जणांना व्यवस्थित होतो.

मीठ आणि चाट मसाला ताटलीत दिल्यावर घाला, आधी घालून ठेवलात तर दहा मिनिटांत पाणी सुटून फोडी लिबलिबीत होतात. अगदी बर्फासारखं गारही देऊ नका, फार थंड फळाची गोडी जिभेला कळत नाही.

उरलेल्या फोडी मोठ्याच ठेवून झाकणाच्या डब्यात लगेच फ्रीजमध्ये घाला, दोन दिवसांत संपवा. कापलेलं फळ उन्हाळ्यात बाहेर तासाभराच्या वर राहू देऊ नका.

कापल्यावर बिघडलेलं निघालं तर

फिकट आणि बेचव निघालं तर सरबत करा, लिंबू, थोडी साखर, काळं मीठ, पुदिना, ते छान लागतं. रवाळ निघालं तर तेही सरबतालाच. मधे चीर पडून पोकळ निघालं तर घाबरू नका, ते वाढताना झालेलं असतं, खायला काही हरकत नाही आणि बरेचदा गोडही असतं. लोक त्याला इंजेक्शन मारलंय म्हणतात, ते मला पटत नाही, सुईने घातलेलं रंगीत पाणी अख्ख्या गरात असं सारखं पसरणार कसं, आणि भोक पडलेलं फळ सडायला लागतं ते वेगळंच.

पण फेस येत असेल, आंबट वास असेल, गर बुळबुळीत लागत असेल तर तेवढा भाग काढून बाकीचं खायचं नाही, सगळं टाका. कडू लागलं तर पहिल्याच घासाला थुंका, कडू दुधी जसा टाकतो तसंच.

चांगल्या फळाची साल मात्र टाकू नका. हिरवा भाग सोलून आतला पांढरा किसा आणि तांदळाच्या पिठात घालून घावन करा, मिरची-कोथिंबीर-मीठ घालून. किसाला पाणी सुटतं म्हणून वरून पाणी घालताना हात आखडता ठेवा, पहिला घावन तव्याला चिकटला तर अजून चमचाभर पीठ घाला.