कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतोय? आधी पेट्रोल कुठून गळतंय ते शोधा

रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीखाली पेट्रोलचा डाग, टाकीजवळ उग्र वास, किक मारून पाय दुखले तरी इंजिन उठत नाही आणि प्लग काढला तर चिंब ओला. कार्बोरेटर, म्हणजे इंजिनाला पेट्रोल-हवेचं मिश्रण देणारा भाग, ओव्हरफ्लो झाल्याचीच ही लक्षणं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर बहुतेक नव्या गाड्या फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. पण त्याआधीच्या स्प्लेंडर, पॅशन, युनिकॉर्न, पल्सर, जुन्या बुलेट अजून रोज रस्त्यावर आहेत आणि त्यांचा हा नेहमीचा आजार आहे. यावर ‘नवा कार्बोरेटर टाका’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. मूळ कार्बोरेटरची बॉडी वर्षानुवर्षं टिकते. खराब होते ती पेट्रोल अडवणारी आतली नखाएवढी नीडल किंवा एखादी रबरी रिंग. डुप्लिकेट कार्बोरेटर बसवला तर गळती थांबेलही, पण त्याचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) तुमच्या इंजिनाशी जुळतीलच असं नाही.

सगळ्यात आधी इंजिन वाचवा

गळती दिसली की कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) बंद करा आणि सेल्फला हात लावू नका. बाऊलमध्ये (कार्बोरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी) पेट्रोल वाढत गेलं की ते ओव्हरफ्लो पाइपमधून जमिनीवर पडायला हवं. तो पाइप मातीनं चोंदला असेल किंवा कार्बोरेटर इंजिनाकडे उतरता असेल, तर तेच पेट्रोल सिलिंडरमध्ये जातं. पेट्रोल दाबलं जात नाही. सिलिंडर भरलेला असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. म्हणून किक हातानं हळू दाबून बघा. मध्येच कडक अडकली तर जोर लावू नका, प्लग काढा.

चावी बंद ठेवा, प्लगच्या भोकापासून तोंड लांब धरा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि आठ-दहा किक मारा. आतलं पेट्रोल फवाऱ्यासारखं बाहेर येतं, म्हणून आजूबाजूला ठिणगी, बिडी, गरम सायलेन्सर काही नको. दहा-पंधरा मिनिटं उघडं राहू द्या. प्लग कोरडा करून आधी हातानंच पूर्ण आटे बसवा, मगच पाना लावा.

मग ऑइल बघा. डिपस्टिकवर पातळी वाढलेली असेल, ऑइल पाण्यासारखं पातळ झालं असेल किंवा त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर ते बदलल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. पेट्रोल मिसळलेलं ऑइल बेअरिंग आणि कॅमला वंगण देऊ शकत नाही. मात्र गळती थांबल्यानंतरच नवं ऑइल भरा, नाहीतर तेही वाया जाईल.

गळतीची जागा

कार्बोरेटर पुसून कोरडा करा, खाली पांढरा कागद ठेवा, कॉक उघडा आणि टॉर्च घेऊन बघत बसा. बाऊल आणि बॉडीच्या सांध्यातून थेंब येत असेल तर बाऊलची ओ-रिंग गेली आहे. ड्रेन स्क्रूच्या (बाऊल रिकामा करायचा स्क्रू) टोकातून येत असेल तर स्क्रू नीट बसलेला नाही किंवा त्याच्या बुडाशी कचरा आहे. ओव्हरफ्लो पाइपमधून किंवा एअर फिल्टरच्या बाजूनं येत असेल तर बाऊलमधली पातळी वाढते आहे, म्हणजे फ्लोट, नीडल आणि सीट यांच्यात दोष आहे. फ्लोट पेट्रोलवर तरंगतो, वर आला की नीडलला सीटच्या भोकात दाबतो आणि पेट्रोल बंद होतं. याला एक अपवाद आहे, आणि तो फार लोकांच्या लक्षात येत नाही. त्याबद्दल पुढे.

पातळी मोजायची सोपी युक्ती आहे. ड्रेनच्या नळीला पारदर्शक पाइप लावा, तो वर वळवून बाऊलच्या शेजारी उभा धरा आणि ड्रेन स्क्रू सैल करा. पाइपमध्ये पेट्रोल जिथवर चढेल तीच आतली पातळी. ती सांध्याच्या रेषेच्या थोडी खाली थांबायला हवी. चढतच राहिली तर नीडल पेट्रोल अडवत नाही.

उघडण्याआधी एक प्रयोग जरूर करा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं बाऊलवर दोन-चार हलके टोले द्या, मग ड्रेन स्क्रू उघडून थोडं पेट्रोल बाटलीत वाहू द्या. सीटवर अडकलेला गंजाचा कण बऱ्याचदा एवढ्यानंच निघतो. पण आठवड्यात गळती परत आली तर कार्बोरेटर उघडायलाच हवा.

उघडल्यावर काय बघायचं

काम मोकळ्या हवेत करा. बाऊलचे स्क्रू जपानी पद्धतीच्या चार खाचांचे असतात. साध्या फिलिप्स स्क्रू ड्रायव्हरनं त्यांची डोकी घासतात, म्हणून खाचेत घट्ट बसणारं टोक वापरा. फ्लोट ज्या बारीक पिनवर फिरतो ती कुठल्या बाजूनं निघते ते आधी पाहा आणि हळू ढकला. तिला धरणारे दोन खांब बॉडीचाच भाग असतात. हातोडीनं उलट्या बाजूनं ठोकलं तर खांब तुटतो आणि मग मात्र खरंच कार्बोरेटर बदलावा लागतो.

आता फ्लोटची नीडल भिंगाखाली धरा. रबरी टोकाच्या शंकूवर गोल खाच पडलेली दिसली तर ती संपली. घासून सरळ करण्यात अर्थ नाही. दुसऱ्या टोकाला स्प्रिंगवरची छोटी पिन असेल तर ती दाबून सोडल्यावर लगेच वर यायला हवी. नवी नीडल घेताना जुनी सोबत न्या आणि लांबी शेजारी-शेजारी ठेवून ताडा. लोकल नीडल अर्धा मिलिमीटर लांब-आखूड निघाली तरी पेट्रोलची पातळी बदलते.

नुसती नीडल बदलून गळती थांबत नाही तेव्हा दोष सीटमध्ये असतो. पितळी सीटवर हिरवट थर किंवा मळ बसतो. कानातल्या कापूसकाडीच्या टोकाला पितळ चमकवायचं पॉलिश लावून ती सीटमध्ये मिनिटभर फिरवा आणि पेट्रोलनं स्वच्छ धुवा. पॉलिश पेपर किंवा तार घालू नका. एक ओरखडा पुरतो. बुलेटच्या जुन्या मिककार्ब कार्बोरेटरमध्ये सीट आट्यांवर असते, ती नीडलसकट बदलता येते. वायसर विसरू नका. काही कार्बोरेटरांत सीट ओ-रिंगवर दाबून बसवलेली असते. ती ओ-रिंग कडक झाली की पेट्रोल सीटच्या बाहेरून उतरतं आणि नवी नीडलही गळते.

फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर त्याला भोक आहे. शंका असेल तर गरम पाण्यात बुडवून धरा, बुडबुडे जागा दाखवतील. पितळी फ्लोटला डाग (सोल्डर) देता येतो असं सांगतात, पण आत पेट्रोल असलेल्या बंद डब्याला उष्णता देणं धोक्याचं आहे. फ्लोट बदला.

फ्लोटची उंची मोजताना कार्बोरेटर तिरका धरा, म्हणजे फ्लोटची जीभ नीडलच्या पिनेला नुसती टेकेल, स्प्रिंग दबणार नाही. बाऊल जिथे टेकतो त्या गॅस्केटच्या सपाटीपासून फ्लोटच्या सगळ्यात लांबच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा आणि तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडा. हे अंतर वाढलं की पेट्रोलची पातळी उतरते, कमी झालं की चढते. पातळी उतरवायची असेल तर पितळी जीभ नीडलच्या दिशेनं केसभर वाकवा. जीभ प्लास्टिकची असेल तर वाकवू नका.

आता तो अपवाद. काही बाऊलांच्या तळातून एक पितळी नळी उभी असते, तीच ओव्हरफ्लोची वाट. तिला उभी चीर पडली किंवा तिचं बूड सैल झालं, तर पातळी अचूक असूनही ओव्हरफ्लो पाइप गळत राहतो, आणि माणूस नीडलवर नीडल बदलत बसतो. बाऊल मोकळा करून त्यात नळीच्या तोंडाच्या जरा खालपर्यंत रॉकेल किंवा पेट्रोल भरा आणि पाच मिनिटं थांबा. खालून थेंब आला तर दोष नळीचा. बाऊल बदलणं उत्तम. पूर्ण कोरडा आणि साफ करून नळीला डागही देता येतो.

जोडण्याआधीची चाचणी

नीडल आणि फ्लोट बसवून कार्बोरेटर उलटा धरा, पेट्रोलच्या नळीला स्वच्छ पाइप लावून तोंडानं हलकेच फुंका. हवा जाता कामा नये. सरळ केल्यावर मोकळी जायला हवी. कॉम्प्रेसर लावू नका, त्याचा दाब चांगल्या नीडललाही उचलतो. टाकीतल्या पेट्रोलचा दाब त्याच्या मानानं नगण्य असतो.

बाऊलची ओ-रिंग नवी घाला. कार्ब क्लीनरमध्ये भिजलेलं रबर फुगतं, खाचेत बसत नाही. सिलिकॉन मुळीच लावू नका. पेट्रोलमध्ये ते फुगून सुटतं आणि त्याचे तुकडे जेटमध्ये जातात. स्क्रू तिरप्या क्रमानं, बेताचे आवळा.

कचरा येतो कुठून

गाळ टाकीतून येतो. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओल शोषतं आणि जुन्या गाड्यांच्या रबराला त्रास देतं. पावसाळ्यात टाकीच्या झाकणातून पाणी गेलं तर गंज ठरलेलाच. कॉकची जाळी काढून धुवा. मग कॉक बंद करून पाइपचं टोक बाटलीत पंधरा मिनिटं सोडा. थेंब पडला तर कॉकमधला भोकांचा रबरी वायसर बदला, कारण बंद कॉक गळत असेल तर रात्रीची सगळी राखण एकट्या नीडलवर पडते. पाइपमध्ये फिल्टर लावायचा तर पंप नसलेल्या गाडीसाठीचा, कमी अडथळ्याचा घ्या.

सगळं जोडल्यावर कॉक उघडा, गाडी दहा मिनिटं मेन स्टँडवर आणि दहा मिनिटं साइड स्टँडवर ठेवा, खाली कोरडा कागद. तो कोरडाच राहिला की मग इंजिन चालू करा. यापुढे गाडी लावताना कॉक बंद करा, आणि महिनाभर उभी राहणार असेल तर बाऊलही रिकामा करून ठेवा.