हुरडा, शेंगोळे आणि वाण : थंडीचे दोन महिने घरच्यांसह कसे घालवावेत

महाराष्ट्रात अंगात स्वेटर घालावा अशी थंडी फार तर दोन-अडीच महिने टिकते. मार्गशीर्षात ती स्थिरावते आणि रथसप्तमीनंतर तिचा जोर ओसरू लागतो. एवढ्या थोड्या काळात सहल, खाणे आणि भेटवस्तू यांचे तीन वेगळे बेत आखण्याचा प्रयत्न बहुतेक घरांत होतो आणि तिन्ही अर्धवट राहतात. या ऋतूत शेतातून जे येते त्यावरच घरातल्यांनी एकत्र बसून काम केले, तर त्यातूनच करमणूक होते, जेवण होते आणि उरलेले डब्यात भरून कोणाला तरी देता येते. पुढे दिलेले बेत याच क्रमाने, म्हणजे दिवाळीनंतर कशाला केव्हा हात घालावा हे लक्षात घेऊन लिहिले आहेत.

दिवाळी संपताच : गोधडी आणि डिंक

भेटीचा विचार संक्रांतीच्या आठवड्यात सुरू केला तर बाजारातून आणलेली वस्तू देण्यावाचून गत्यंतर नसते, म्हणून जी भेट हाताने करायची तिची सुरुवात दिवाळीनंतर लगेच करावी. आजीच्या किंवा आईच्या मऊ झालेल्या सुती साड्यांची गोधडी ही त्यांतली सर्वांत सोपी आणि सर्वांत वेळखाऊ भेट आहे. तीन-चार साड्या धुऊन, इस्त्री करून, एकावर एक सपाट अंथराव्यात, कडेला मोठे कच्चे टाके घालून थर पक्के करावेत आणि मग काठाकडून मध्याकडे धावदोऱ्याचे टाके घालत जावे. टाके समान आले नाहीत तरी बिघडत नाही. नातवंडाने घातलेली वाकडी ओळ तशीच राहू द्यावी, कारण गोधडी पांघरणारा माणूस नेमकी तीच ओळ बोटाने चाचपतो. रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास काम केले तर एका माणसाच्या अंथरुणाएवढी गोधडी संक्रांतीपर्यंत पूर्ण होऊ शकते. शिवणे अजिबात जमत नसेल, तर घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी दख्खनी मेंढीच्या लोकरीची हातमागावरची घोंगडी किंवा सोलापुरी चादर घ्यावी. मात्र घोंगडी वॉशिंग मशीनमध्ये घालू नये, उन्हात झटकून वापरावी, एवढी सूचना चिठ्ठीवर लिहून सोबत द्यावी.

डिसेंबर उजाडला की डिंकाचे लाडू करावेत. अंदाजे शंभर ग्रॅम डिंकाला पाव किलो किसलेले सुके खोबरे, पाव किलो खारकेची पूड, पन्नास ग्रॅम खसखस आणि तीनशे ग्रॅम गूळ हे प्रमाण बसते. डिंक थोडा थोडा तुपात सोडावा आणि आतपर्यंत फुलला आहे याची खात्री करून मगच बाहेर काढावा, कारण मधे कच्चा राहिलेला खडा दाताखाली चिकटतो. खोबरे आणि खसखस कोरडीच भाजावी, गूळ तुपात नुसता विरघळेपर्यंत गरम करावा, पाक होऊ देऊ नये. हे लाडू कोरड्या डब्यात तीन-चार आठवडे सहज टिकतात, त्यामुळे परगावी राहणाऱ्या मुलांना पाठवायला ते योग्य ठरतात. अळिवाचे लाडू चवीला सरस असले तरी त्यांत ओले खोबरे असते; ते दोन-तीन दिवसांत घरीच संपवावेत, टपालाने पाठवण्याच्या भानगडीत पडू नये.

याच महिन्यात मुलांना एक रात्र जागवावी. दर वर्षी १४ डिसेंबरच्या सुमारास मिथुन राशीच्या दिशेने उल्कावर्षाव दिसतो. आकाश निरभ्र असून चंद्राचा उजेड नसेल, तर रात्री दहानंतर गच्चीवर किंवा गावाबाहेरच्या मोकळ्या जागी सतरंजी अंथरून पडून राहणे एवढीच त्याची तयारी. दुर्बीण लागत नाही. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटे लागतात, तेवढ्या वेळात मुलांना कृत्तिकांचा पुंजका, रोहिणीचा तांबूस तारा, मृगातला तीन ताऱ्यांचा बाण आणि त्या बाणाच्या रेषेतला लखलखता व्याध दाखवावा. फोन मात्र खिशात ठेवावा, नाही तर वीस मिनिटांची सवय एका क्षणात जाते.

रोजच्या रात्रीसाठी : शेंगोळे

थंडीतले जेवण सोपे असावे म्हणजे एका भांड्यात व्हावे आणि गरम असतानाच संपावे. या कसोटीला हुलग्याचे शेंगोळे जितके उतरतात तितके दुसरे काही उतरत नाही, असे माझे मत आहे. नगर, जुन्नर, नाशिक या भागांत ते घरोघरी होतात. मुंबईतल्या अनेक घरांत मात्र हुलगा म्हणजे कोकणातले कुळथाचे पिठले एवढीच ओळख उरली आहे. चार माणसांसाठी दोन वाट्या हुलग्याच्या पिठात अर्धी वाटी ज्वारीचे किंवा गव्हाचे पीठ मिसळावे. दहा-बारा लसूणपाकळ्या, तीन-चार हिरव्या मिरच्या आणि चमचाभर जिरे यांचे वाटण करून त्यातले अर्धे पिठात घालावे, मीठ व हळद घालून पीठ घट्ट मळावे. तेलाचा हात लावून तळहातावर करंगळीएवढ्या जाडीच्या वळ्या कराव्यात आणि त्यांची टोके जोडून कडी करावी. हे काम पूर्णपणे मुलांकडे द्यावे, कारण कडी बिघडली तरी चवीत फरक पडत नाही.

मोठ्या पातेल्यात उरलेल्या वाटणाची फोडणी करून सहा वाट्या पाणी उकळावे आणि पाण्याला खळखळून उकळी आल्यावरच शेंगोळे एकेक करून सोडावेत. पाणी नुसते कोमट असताना सोडले तर ते विरघळून त्याचे पिठले होते. पहिली पाच मिनिटे डाव घालू नये. त्यानंतर परातीला चिकटलेले पीठ पाण्यात कालवून ओतावे, म्हणजे रस दाट होतो, आणि मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे शिजू द्यावे. वरून कच्चे तेल आणि सोबत कांदा, बस्स. भाकरी हवीच असेल तर बाजरीची करावी, पण बाजरी एका वेळी आठवड्यापुरतीच दळून आणावी. तिचे पीठ साठवले की कडू होते आणि मग दोष विनाकारण भाकरी करणाऱ्या हाताला दिला जातो.

खानदेशाशी नाते असलेल्यांना याच दिवसांत जळगावकडची मोठी, फिकट हिरवी वांगी मिळाली तर भरिताचा बेत करण्यास कोणी वेगळे सांगायला नको. तिकडे ती तुरीच्या किंवा कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजतात. गॅसवर भाजायची झाल्यास वांग्याला आधी दोन-तीन ठिकाणी टोचावे, नाही तर ते फुटते.

हुरडा : शेतावर आणि घरी

डिसेंबरअखेर ते जानेवारी हा हुरड्याचा काळ. ज्वारीचा दाणा कणसात असताना नखाने दाबून पाहावा : पातळ दूध आले तर तो कोवळा, मऊ कणकेसारखा दबला तर हुरड्याजोगा आणि नख रुतलेच नाही तर वेळ टळली. पेरणी मागेपुढे असल्याने एकाच गावात ही अवस्था वेगवेगळ्या शेतांत वेगवेगळ्या आठवड्यांत येते, म्हणून शनिवार-रविवारची तारीख आधी ठरवून मग शेत शोधण्यापेक्षा शेतकऱ्याला विचारून तारीख ठरवणे शहाणपणाचे असते. सुरती, गूळभेंडी, कुचकुची या जुन्या हुरड्याच्या जाती. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची ‘फुले मधुर’ ही अलीकडची. हुरड्याची खास जात नसेल तर दाण्यावरचे तूस सुटायला त्रास देते आणि गोडीही कमी लागते, त्यामुळे कोणते वाण आहे हे विचारण्यात संकोच करू नये.

शेतावर स्वतः भाजायचा असेल तर फूटभर खोल खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवाव्यात. हीच आगटी. ज्वाळा पूर्ण विझून निखारे राखेने झाकले जाईपर्यंत थांबणे हा या कामातला सर्वांत अवघड भाग आहे, कारण भोवती भुकेली माणसे बसलेली असतात. कणसे निखाऱ्यांत खुपसावीत, दांडे बाहेर राहू द्यावेत आणि दोन-तीन वेळा फिरवून चार-पाच मिनिटांत काढावीत. गरम असतानाच ती तळहातांवर चोळून दाणे सोडवायचे असतात. सवय नसलेल्यांनी स्वच्छ पोत्याच्या तुकड्यावर चोळावीत आणि फुंकर मारून तूस उडवावे. सोबत शेंगदाण्याची आणि लसणाची चटणी, गूळ, रेवड्या, गोडी शेव, दही, बोरे आणि उसाचे करवे एवढे असले की ताटाची गरज भासत नाही. जेवणाचा मोठा घाट मात्र त्यावर घालू नये. हुरडा पोटात जड बसतो, तेव्हा मागून ताक द्यावे आणि पतंग किंवा लगोरी काढावी.

शेतापर्यंत जाणे शक्य नसेल तर बाजारात सोललेला कच्चा हुरडा मिळतो. पहिल्या वर्षी मी तो प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दुपारभर गाडीत ठेवला आणि संध्याकाळी उघडला तेव्हा त्याला आंबूस वास येत होता. ओला दाणा बंद पिशवीत तापतो, हे तेव्हा कळले. आणल्याबरोबर तो पसरून ठेवावा आणि त्याच दिवशी कढईत तुपाच्या थेंबावर, मीठ शिंपडून, चार-पाच मिनिटे परतावा. त्याहून जास्त परतला तर दाणा चिवट होतो. उरलेल्याचे दुसऱ्या दिवशी थालीपीठ लावावे.

रायगडात राहणाऱ्यांकडे हुरड्याच्या तोडीची पोपटी आहे. मातीच्या मडक्यात तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर ओवा आणि जाडे मीठ लावलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये बटाटे, रताळी, अंडी किंवा केळीच्या पानात गुंडाळलेली मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा शेंगा आणि तोंडाशी पाला दाबून मडके उपडे ठेवतात आणि भोवती पालापाचोळ्याचा जाळ करतात. पाण्याचा थेंबही घालायचा नसतो. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडावे, ते चर्र होऊन क्षणात उडाले की पोपटी झाली. भांबुर्डी ओळखता येत नसेल तर दिसेल तो रानपाला कोंबू नये, माहितगाराकडूनच आणवावा.

आगटी असो, पोपटी असो किंवा नुसती शेकोटी, ती उघड्यावरच करावी. उरलेले निखारे ऊब राहील म्हणून शेगडीत भरून बंद खोलीत नेणे जिवावर बेतू शकते; त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो.

भोगी ते रथसप्तमी

भोगीची भाजी हा ऋतूचा सगळा बाजार एका कढईत आणण्याचा प्रकार आहे. हरभऱ्याचे सोलाणे, पावटे, ओल्या शेंगांचे दाणे, गाजर, वांगी, घेवडा, दोन-चार बोरे, उसाचे तुकडे आणि शेवटी तिळाचे कूट. कठीण भाज्या आधी, वांगी शेवटी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि मुगाची खिचडी यांखेरीज त्या दिवशी आणखी काही करू नये.

तिळगुळाची कृती घरातल्या माणसांच्या वयानुसार निवडावी. पाकातला कडक लाडू हवा असेल तर अर्धा किलो भाजलेले तीळ, अर्धा किलो चिकीचा गूळ, शंभर ग्रॅम दाण्याचे भरड कूट, तेवढेच भाजलेले खोबरे आणि मूठभर डाळे घ्यावे. गूळ दोन चमचे तुपावर, पाणी न घालता, मंद आचेवर वितळवावा. फेस आल्यावर थेंबभर पाक गार पाण्यात टाकून पाहावा. त्याची गोळी वळता आली की लाडवाचा पाक झाला, वाटीत टणकन वाजली तर तो वडीकडे गेला. पाकात तीळ, कूट, खोबरे, डाळे आणि वेलदोड्याची पूड भराभर मिसळून पातेले गरम पाण्यात ठेवावे, म्हणजे मिश्रण लवकर आळत नाही. या कामात लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये. पाकाचा चटका पाण्यापेक्षा फार वाईट असतो.

मुलांसाठी दुसरी कृती आहे. पाव किलो भाजलेले तीळ, शंभर ग्रॅम दाण्याचे कूट आणि दोनशे ग्रॅम साधा मऊ गूळ मिक्सरमधून थांबत थांबत फिरवावा. तिळाला तेल सुटले की मिश्रण विस्तवाशिवाय वळता येते. त्यात लहान आकाराचे तीसेक लाडू होतात, दात नसलेल्या आजोबांनाही ते चालतात आणि मुलांनी स्वतः वळलेले असल्यामुळे कोणाला किती द्यायचे याचा हिशेबही तीच ठेवतात.

संक्रांतीला पतंग उडवताना सुती मांजाच वापरावा. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली असूनही तो चोरून विकला जातो. दुकानदाराने ‘न तुटणारा’ म्हणून पुढे केला की समजून घ्यावे. घरात लहान मूल असेल तर रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण उरकावे, परंतु वर्षाच्या आतल्या मुलाच्या डोक्यावरून बोरे, हलवा आणि हरभरे टाकण्याऐवजी चुरमुरे टाकावेत आणि खाली पडलेले त्याच्या हाती लागण्याआधी उचलावे, कारण घशात अडकायला एक दाणा पुरतो.

हळदीकुंकवाच्या वाणाविषयी थोडे स्पष्ट लिहावेसे वाटते. प्लास्टिकची डबी, स्टीलची चमचेवजा वस्तू, पुन्हा डबी, असे वाण घरोघरी फिरून वर्षभरात कामवाल्या मावशींच्या पिशवीत जाते, आणि त्यांच्याकडेही ते आधीच पाच असतात. त्याऐवजी वापरून संपेल असे द्यावे : घरी केलेली कारळ्याची किंवा जवसाची चटणी, सांगलीची हळकुंडे, कोल्हापुरी गुळाची छोटी ढेप, कागदी पुडीत मेथीचे आणि कोथिंबिरीचे बी. चटणीच्या बाटलीवर केल्याची तारीख लिहावी. बियांच्या पुडीवर ‘कुंडीत पेरा, पंचवीस-तीस दिवसांत मेथी काढा’ एवढे लिहिले तरी पुरते.

परदेशातल्या नातलगांना तीळ, बी किंवा लाडू पाठवण्यापूर्वी त्या देशाचे खाद्यपदार्थांचे नियम पाहावेत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड याबाबतीत फार काटेकोर आहेत. तिथे जानेवारीत कडक उन्हाळा असतो, तेव्हा लाडवांऐवजी हलव्याच्या दागिन्यांतला फोटो आणि तिळगुळाची कृती धाडावी. डिंकाच्या लाडवांचा बेत त्यांच्या जुलैतल्या थंडीसाठी राखून ठेवावा.