शिवणवर्गातच साक्षरता: प्रौढ स्त्रियांसाठी एकत्रित वर्ग कसा चालवावा

निरक्षर प्रौढांना आधी लिहायला-वाचायला शिकवायचे आणि मग व्यवसाय शिकवायचा, हा क्रम कागदावर सरळ दिसतो. गावात मात्र तो बहुधा पहिल्याच टप्प्यात अडतो, कारण दिवसभर रोजंदारी करून आलेल्या बाईला बाराखडीचा उपयोग सहा महिन्यांनी दिसणार असेल, तर तिने तोवर का थांबावे? उलट नुसता शिवणवर्ग घेतला, तर ती नजरेने आणि अंदाजाने शिवू लागते, पण गिऱ्हाइकाचे माप लिहून ठेवता येत नसल्यामुळे दुसऱ्याच्या हाताखालीच राहते. म्हणून दोन्ही शिक्षणे एकाच वर्गात आणि एकाच कामातून द्यावीत.

ही कल्पना जुनी आहे. १९६५ साली तेहरान येथे भरलेल्या शिक्षणमंत्र्यांच्या जागतिक परिषदेनंतर युनेस्कोने कामाशी जोडलेल्या, म्हणजे कार्यात्मक, साक्षरतेचा पुरस्कार करून काही देशांत तिचे प्रयोग केले आणि भारतानेही त्याच दशकाच्या अखेरीस सुधारित बियाण्यांच्या शेतीशी जोडून शेतकऱ्यांसाठी असा कार्यक्रम सुरू केला. मुंबईत १९६७ साली स्थापन झालेले श्रमिक विद्यापीठ याच विचारातून उभे राहिले. त्या धर्तीवरच्या संस्था आज जन शिक्षण संस्थान या नावाने निरक्षर, नवसाक्षर आणि शाळा सुटलेल्यांना व्यवसाय शिकवतात. सध्याच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमातही, म्हणजे ‘उल्लास’मध्ये, व्यवसाय कौशल्य हा एक घटक आहे. योजना आहेत, उणीव असते ती रोजच्या तासाची आखणी करण्यात.

आखणीची सुरुवात पाठ्यपुस्तकापासून करू नये. गावातील किंवा तालुक्याच्या ठिकाणच्या एखाद्या चालत्या शिवणदुकानात दोन दिवस बसावे आणि तेथे नेमके काय वाचले-लिहिले जाते, ते टिपून घ्यावे. मापवही, कापडाला टाचलेली चिठ्ठी, कापडदुकानाचे बिल, दरांचा फलक, देण्याची तारीख, मोबाइलवर आलेला पैसे जमा झाल्याचा संदेश, बँकेचे पासबुक, हीच पहिल्या काही महिन्यांची वाचनसामग्री होय. पहिले शब्दही येथूनच घ्यावेत. माप, गळा, बाही, टाका, काज, कापड या सहा शब्दांतच दहा व्यंजने आणि दोन स्वरचिन्हे येतात, शिवाय जोडाक्षर एकही नाही. त्यांच्या जोडीला प्रत्येकीचे स्वतःचे नाव हवे, मग ते ज्योती किंवा लक्ष्मी असे अवघड असले तरी चालेल, कारण आपल्या नावातील जोडाक्षर बाई आवडीने गिरवते.

अंकांकडे मात्र अक्षरांपेक्षाही अधिक लक्ष द्यावे लागते. टेपवरील अंक इंग्रजी वळणाचे असतात आणि देवनागरी एक हा इंग्रजी नऊसारखा, तर देवनागरी चार हा इंग्रजी आठसारखा दिसतो. दोन्ही वळणे एकदम शिकवली तर गोंधळ अटळ आहे. आधी टेपचे अंक पक्के करावेत, देवनागरी अंक काही आठवड्यांनी आणावेत. दुसरी अडचण आपल्या बोलण्यातच आहे. ‘चौतीस’ म्हणताना चार आधी येतो, लिहिताना तीन आधी येतो, त्यामुळे नवशिक्या बायका चौतीसचे त्रेचाळीस करतात. शिवणकामात ही चूक कापडावर उमटते, म्हणून प्रत्येक माप टेपवर बोट ठेवून वाचायचे, मग लिहायचे आणि लिहिलेले पुन्हा टेपवर शोधून दाखवायचे, ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

अपूर्णांकांच्या बाबतीत तर शिकणारी बाई शिक्षकाच्या पुढेच असते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, साडे, पावणे हे सारे तिने बाजारात आयुष्यभर वापरलेले आहे. तिच्याजवळ नाही ती फक्त ते लिहिण्याची रीत. ब्लाउज बेतताना छातीच्या मापाचा चौथा भाग काढावा लागतो. माप ३३ असेल तर सव्वाआठ, ३४ ला साडेआठ, ३५ ला पावणेनऊ आणि ३६ ला नऊ. ही उत्तरे आधी तोंडी काढून घ्यावीत, मग टेपवर दाखवावीत आणि शेवटी फळ्यावर लिहावीत. टेपवरच्या इंचाच्या आठव्या भागाला कारागीर सूत म्हणतात. पाव इंच म्हणजे दोन सूत, अर्धा म्हणजे चार, पाऊण म्हणजे सहा, एवढे कळले की रेघा मोजणे हेच वाचन होते. तोंडी हिशेबाला कमी लेखू नये. सातारा जिल्ह्यातील म्हसवडच्या स्त्रियांनी माणदेशी महिला सहकारी बँकेसाठी केलेला पहिला अर्ज, प्रवर्तक स्त्रिया निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने नाकारला होता. त्या लिहा-वाचायला शिकल्या, आम्हाला व्याजाचा हिशेब विचारून पाहा असे त्यांनी अधिकाऱ्यांनाच सांगितले, आणि १९९७ साली त्यांची बँक उभी राहिली.

शिकवायला दोघी असाव्यात: एक शिवणकाम जाणणारी आणि दुसरी साक्षरतेची स्वयंसेविका. त्यांनी दर आठवड्याला एकत्र बसून ठरवावे की, या आठवड्यात परकर असेल तर कोणते शब्द आणि कोणती मापे येतील. दोघींनी वेगवेगळे तास घेतले की वर्ग पुन्हा दुभंगतो. यंत्रे नेहमीच कमी असतात, त्यामुळे निम्म्या बायका यंत्रावर आणि निम्म्या लेखन-वाचनाला, असे आलटून पालटून बसवणे सोयीचे असते. मात्र त्यात वाचन म्हणजे आपली पाळी येईपर्यंतचा वेळ, असे वाटू लागण्याचा धोका आहे. यावर एक साधा नियम उपयोगी पडतो. यंत्रावर बसण्याआधी कामाची चिठ्ठी मोठ्याने वाचायची आणि काम झाल्यावर त्याच चिठ्ठीवर लांबी, कापड व आकार लिहायचा.

वेळापत्रक पेरणी, सुगी आणि ऊसतोड पाहून बांधावे. ज्या गावांतून कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे जातात, तेथे हिवाळ्यात वर्ग काढण्यात अर्थ नाही. लहान मुलांना सांभाळण्याची सोय वर्गाच्या जागीच करावी. चाळिशीच्या पुढच्या बाईने ‘मला काही येत नाही’ म्हटले, तर आधी सुईत दोरा ओवता येतो का ते पाहावे. पुष्कळदा अडचण बुद्धीची नसून जवळचे न दिसण्याची असते आणि ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासून चष्मा मिळाला की ती सुटते. बोलताना ताई, मावशी, काकू असेच बोलावे, आणि शाळकरी मुलांच्या बालगीतांवर त्यांना कधीही बसवू नये.

युनेस्कोच्या त्या जुन्या प्रयोगांतून एक धडा मात्र घ्यावा: साक्षरता उत्पादनापुरती आवळली की शिकणाऱ्यांचा रस जातो. बाईला मापवहीइतकीच एसटीची पाटी, मुलीचे प्रगतिपुस्तक, रेशनकार्ड आणि सातबाऱ्यावरचे आपले नाव वाचायचे असते. त्यामुळे दर आठवड्याचा एक दिवस तिने घरून आणलेल्या कागदासाठी राखून ठेवावा.

परीक्षा दोन घ्याव्यात. ‘उल्लास’ची वाचन, लेखन आणि संख्याज्ञानाची चाचणी प्रमाणपत्रासाठी द्यावीच, पण खरी कसोटी एका पूर्ण कामाची असावी: गिऱ्हाइकाचे माप घेणे, वहीत लिहिणे, बेतणे, शिवणे, कापड-दोऱ्याचा खर्च धरून दर ठरवणे, पावती देणे आणि मिळालेले पैसे बँकेच्या खात्यात स्वतः भरणे. सही करता आली एवढ्यावर कुणालाही साक्षर मानू नये. वर्ग संपल्यावर बचत गटामार्फत शाळेच्या गणवेशाचे किंवा पिशव्यांचे काम मिळवावे आणि निदान वर्षभर महिन्यातून एकदा सर्वांच्या मापवह्या एकत्र पाहाव्यात. जिच्या वहीत नवी नोंद नाही, तिच्या घरी त्याच आठवड्यात जाऊन यावे.