इंजिनची वाया जाणारी ऊर्जा परत मिळवताना या चुका टाळा

पेट्रोल जळून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी अनुकूल परिस्थितीतही साधारण एक तृतीयांशच इंजिनच्या क्रँकशाफ्टवर (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्यावर) उपयोगी पडते. उरलेली बहुतेक ऊर्जा सायलेन्सर आणि रेडिएटरवाटे उष्णता बनून निघून जाते. ती परत मिळवण्याची इच्छा योग्यच आहे. मात्र खरोखर वाया जाणारी ऊर्जा कोणती, हे न ओळखल्यामुळे अनेकांचा खर्च होतो आणि ॲव्हरेज उलट घटते.

अल्टरनेटरच्या (इंजिनच्या पट्ट्याने फिरून वीज बनवणाऱ्या जनित्राच्या) विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारे किट बसवणे ही सर्वांत महागडी चूक आहे. अल्टरनेटरची वीज फुकट नसते. तिच्यासाठी पट्ट्यावर भार येतो आणि तो इंधनातूनच भागवला जातो. ढोबळ हिशोब मांडू. इंधनातील १०० भाग ऊर्जेपासून क्रँकशाफ्टवर ३० भाग मिळाले आणि ते सगळे अल्टरनेटरला दिले, तर सुमारे १८ भाग वीज तयार होते, तिच्यापासून सुमारे ११ भागांचा हायड्रोजन मिळतो आणि तो पुन्हा इंजिनात जाळल्यावर जेमतेम ३ भाग हाती येतात. विक्रेता काहीही सांगो, हा तोटा कोणत्याही किटने भरून निघत नाही.

‘इंजिन थंड राहावे’ म्हणून थर्मोस्टॅट वॉल्व्ह (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट म्हणजे थंड करणारे द्रव रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकण्याची प्रथाही तितकीच घातक आहे. टोयोटाने तिसऱ्या पिढीच्या प्रियस या हायब्रिड गाडीत एक्झॉस्टची उष्णता कूलंटला देऊन इंजिन लवकर गरम करण्याची सोय केली, कारण थंड इंजिन जास्त इंधन पिते. महामार्गावर सलग धावतानाही तापमानाचा काटा नेहमीपेक्षा खाली राहत असेल, तर आधी हा वॉल्व्ह जागेवर आणि चालू स्थितीत आहे का, ते तपासावे.

घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकू नये. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्शनच्या गाडीत इंधन जवळजवळ बंद होते आणि इंजिन चाकांच्या जोरावर फिरते. न्यूट्रलमध्ये मात्र ते आयडलिंगसाठी इंधन घेत राहते आणि उताराचा सारा भार ब्रेकवर पडून ते तापतात. पट्ट्याने इंजिनला जोडलेली मोटर-जनरेटर असलेल्या माइल्ड हायब्रिड (वेग कमी होताना वीज साठवून ती इंजिनच्या मदतीला वापरणाऱ्या) गाडीत याचा दुहेरी तोटा होतो, कारण न्यूट्रलमध्ये चाकांची गती जनरेटरपर्यंत पोहोचतच नाही. सिग्नल दिसताच लांबूनच क्लच दाबणाऱ्यांचेही हेच नुकसान होते.

माइल्ड हायब्रिड गाडीत ब्रेकिंगच्या वेळी चार्जिंग होत नसेल किंवा सिग्नलला इंजिन आपोआप बंद होत नसेल, तर प्रथम बॅटरी पाहावी. वारंवार चार्ज-डिस्चार्ज सोसणाऱ्या बॅटरीच्या जागी स्वस्त साधी बॅटरी बसवली, तर थोड्या वेळात येणारा मोठा करंट ती नीट सामावून घेत नाही. अनेक गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर करंट सेन्सर असतो. ॲम्प्लिफायर किंवा जादा दिव्यांची अर्थिंग थेट त्या टर्मिनलच्या खांबाला जोडल्यास तो करंट सेन्सरच्या मोजणीत येत नाही आणि बॅटरीच्या चार्जचा अंदाज चुकतो. म्हणून अशी अर्थिंग गाडीच्या बॉडीलाच द्यावी.